तिसरा रकाना

आमच्या कारखान्यात डेटाबेसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा ते निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. "तू विक्रेत्याकडून चहासुद्धा पीत नाहीस, म्हणून," साहेब म्हणाले. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज वाटतं, प्रामाणिक माणूस हे मालकाच्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार असतं.

कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत होता. कपड्याच्या रंगांना लागणारी रसायनं तिथे बनत. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. स्टोअरचा माल, उत्पादन, हजेरी हे सगळं जाडजूड रजिस्टरांतून निघून एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये गेलं होतं. तो डेटाबेस अडला की स्टोअरमधून एक पिंप हलायचं नाही आणि गेटवर ट्रकांची रांग लागायची. तो अडू नये म्हणून दिवसभर त्याच्यासमोर बसणारी एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत, मीही म्हणायचो. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका गावातून ती येई. कॉम्प्युटर रूमच्या दारात चपला काढायची, स्वेटर चढवायची आणि पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या लोखंडी कपाटावर तळहात ठेवायची. तापलंय का, थरथरतंय का, ते बघायला.

अकरा वर्षं ती हे करत होती आणि अकरा वर्षं ठेकेदाराच्या हजेरीपटावर होती. कंपनीची माणूस म्हणून तिचं नाव कुठेच नव्हतं.

साहेबांनी मला काम देतानाच सांगितलं, "दोन पॅकेजं आलीत. दोन्ही महिनाभर चालवून बघ, गुण दे. आणि ऑपरेटरला कायम करायचं की नाही, तेही यावरूनच ठरेल. माणसाची गरज सिद्ध झाली, तर पोस्ट मी मंजूर करून आणतो."

हे मी धावत जाऊन ताईला सांगितलं. ती टर्मिनलवरून नजर न काढता म्हणाली, "माझी परीक्षा आणि पेपर तपासणारा तू? मग तर झालंच."

मी उल्हासनगरचा. वडील गिरणीत कामाला आणि युनियनमध्ये. आमच्या दोन खोल्यांत भांडी कमी आणि पत्रकं जास्त होती. मी वाचायला शिकलो ते "कामगार बंधूंनो" या शब्दांपासून. शाळेतून आल्यावर सायक्लोस्टाईलच्या ओल्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि वडिलांबरोबर गेटवर वाटायच्या, हा माझा खेळ. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. खरं असेल ते कागदावर आणायचं, सगळ्यांसमोर ठेवायचं. मग समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

साहेबांच्या तक्त्यात दोन रकाने होते. एक मुंबईहून आलेल्या महागड्या परदेशी पॅकेजचा, दुसरा उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका सिंधी विक्रेत्याने आणलेल्या स्वस्त पॅकेजचा. मी पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, "मानवी देखरेख". सॉफ्टवेअरला जे प्रश्न विचारायचे तेच ताईच्या कामाला विचारायचे. बिघाड कोणी आधी ओळखला? खोटी हाकाटी कोणी केली? कारण कोणी बरोबर सांगितलं?

मला वाटलं होतं साहेब अडवतील. त्यांनी तक्ता हातात धरून बराच वेळ पाहिला. "उत्तम कल्पना," ते म्हणाले. "पण मग ती काय बघते, कधी बघते, कशावरून ओळखते, हे सगळं लिहून काढ. नाहीतर तुलना कशाची करणार?"

मला ते न्यायाचंच वाटलं.

पहिल्याच आठवड्यात दोन्ही पॅकेजांचं हसं झालं. आमच्या भागातले कारखाने शुक्रवारी बंद असतात. मुख्य कॉम्प्युटर मात्र आठवड्याच्या नोंदींची नक्कल, म्हणजे बॅकअप, काढण्यासाठी चालू असायचा. परदेशी पॅकेजला रविवारची सुट्टी ठाऊक. शुक्रवारी सकाळपासून एकही नोंद आली नाही म्हटल्यावर त्याने पडदा लालभडक केला आणि दर दोन मिनिटांनी बोंब मारायला सुरुवात केली. सिंधी विक्रेत्याचंही पॅकेज लाल झालं. तो स्वतः तिथेच बसला होता. पूर्वी टीव्हीचे स्टॅबिलायझर विकायचा, आता कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरला होता.

"साईं, जागरूक है," तो मला म्हणाला. "मशीन को कभी नींद नहीं आती."

"झोप येत नाही ते ठीक आहे," ताई म्हणाली, "पण आज वार कोणता ते कळतं का त्याला?"

"मॅडम, सिखाओगे तो सीखेगा."

"माझ्या घरी दोन आहेत शिकवायला. तिसरं नको."

तो पोट धरून हसला. मीही हसलो आणि तिसऱ्या रकान्यात पूर्ण गुण भरले.

दुसरी गंमत स्टोअरची. तिथले जुने स्टोअरकीपर, ज्यांना सगळे मामा म्हणत, शेजारच्या खोलीत जेवायला जाताना आपली नोंद अर्धवट उघडी ठेवून जायचे. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी. परत आल्यावर पुन्हा सुरुवातीपासून जावं लागू नये, एवढाच हेतू. पण त्यांची नोंद उघडी राहिली की त्या मालाला हात लावणारा कारखान्यातला प्रत्येक पडदा थिजायचा. दोन्ही पॅकेजांनी ओळखलं की काहीतरी अडलंय. एकाने आठ ओळींचं इंग्रजी कारण छापलं, दुसऱ्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा सल्ला दिला. ताईने इंटरकॉम उचलला.

"मामा, आज भाजी कसली?"

"वाल. का गं?"

"मग वाल संपवा नि स्क्रीन बंद करा. अख्खी कंपनी तुमच्या डब्यापाशी थांबलीय."

पाऊण मिनिटात सगळं सुरू. मी घड्याळ लावून बसलो होतो.

मग मी तिच्यामागे वही घेऊन लागलो. सकाळी साडेनऊला शेजारच्या कारखान्यातली मोठी मोटर सुरू होते, दिवे किंचित मंद होतात, तेव्हा ती नोंदी का थांबवते? महिन्याच्या पंचविसाव्या दिवसानंतर हजेरीची फाईल फुगते हे ती कशावरून ओळखते? शिफ्ट बदलताना पडदे संथ झाले तर घाबरायचं नाही, पण सकाळी अकराला संथ झाले तर का घाबरायचं? ती सांगत गेली. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबली.

"सगळं लिहू नको रे," ती म्हणाली. "थोडं हातात राहू दे माझ्या."

यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणालो, "ताई, ज्ञान दडवून ठेवणं ही सावकारी झाली. तुमचं काम कुणाला दिसतच नाही, म्हणून तर तुम्ही अकरा वर्षं ठेक्यावर आहात. दिसू दे एकदा सगळ्यांना."

तिने विचारलं, "तुझे बाबा भाषण करायचे का रे?"

"करायचे."

"तरीच." मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "लिही. कपाटाच्या डाव्या बाजूला हात ठेवायचा. उजवी बाजू नेहमीच गरम असते."

छत्तीस नोंदी झाल्या. छत्तिसावी लिहिल्यावर तिने विचारलं, "आता होईन ना मी कायम?" मी म्हणालो, "नाही म्हणायला त्यांच्याकडे तोंडच उरणार नाही."

अहवाल मी स्वतः टाईप केला. तिसरा रकाना दोन्ही पॅकेजांच्या खूप पुढे होता. ताईचे सगळे बारकावे मी परिशिष्टात दिले, अनुक्रमांक घालून: लक्षण, वेळ, कारण, उपाय. साहेबांनी अधिकाऱ्यांच्या बैठकीत तो वाचून दाखवला आणि माझं कौतुक केलं. सरळ, स्पष्ट, मुद्देसूद, असं म्हणाले. मी बाहेर येऊन ताईला अंगठा दाखवला. त्या दिवशी तिने गावची करवंदं आणली होती, ती पानाच्या द्रोणात घालून माझ्या टेबलावर ठेवली.

पंधरा दिवसांनी स्वस्त पॅकेजची ऑर्डर निघाली. ऑर्डरीत एकच अट होती. परिशिष्टातल्या छत्तीसही नोंदी पुरवठादाराने नियम म्हणून आत भरून द्याव्यात.

सिंधी विक्रेता आपल्या इंजिनिअरला घेऊन आला, तेव्हा त्याच्या हातात माझ्या अहवालाची झेरॉक्स होती. पानांना पिवळ्या रेघा मारलेल्या. "साईं, क्या चीज लिखी है!" तो खरंच भारावला होता. "ऐसा मॅन्युअल तो हमें कंपनी ने भी नहीं दिया. आप हमारे यहाँ आ जाओ."

इंजिनिअर टाईप करत गेला. शुक्रवार सुट्टी. साडेनऊ ते नऊ पस्तीस नोंदी थांबवा. स्टोअरची नोंद दहा मिनिटांहून जास्त उघडी राहिली तर आपोआप बंद करा. कपाटाच्या डाव्या बाजूला चिकटवायला त्याने तापमान मोजणारी एक छोटी वायर आणली होती. ताई शेजारीच उभी होती, कारण साहेबांनी तिला "मदत कर" म्हणून सांगितलं होतं. एका नियमात त्याने वेळ चुकीची घातली. ती पुढे वाकली आणि तिने स्वतः ती दुरुस्त करून दिली. हे मला अजूनही सहन होत नाही.

महिनाअखेरीस ठेकेदाराच्या माणसाने तिला गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती आत आली, रूमच्या दारातून स्वेटर घेतला आणि गेली. मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. आवाज चढवला. गरज सिद्ध झाली होती की नाही?

"झाली ना," साहेब शांतपणे म्हणाले. "त्या छत्तीस गोष्टींची गरज आहे, हे तू उत्तम सिद्ध केलंस. त्या आता आहेत आपल्याकडे."

"आणि ज्या माणसाकडून आल्या?"

"तू लिहायच्या आधी माणसाशिवाय चालणारच नव्हतं. मी तरी काय केलं असतं?" त्यांनी बेल वाजवून पाणी मागवलं. "पगारवाढीसाठी तुझं नाव पाठवलंय."

ती पगारवाढ मी नाकारली. याचा ताईला काडीचा उपयोग नव्हता, हे मला नंतर समजलं.

मी ठरवलं, लेबर ऑफिसात अर्ज करायचा. तिथल्या कारकुनाने विचारलं, बाई नेमकं काय काम करायची? ठेकेदाराच्या हजेरीपटाची नक्कल मिळवली, तर तिच्यात ताईच्या नावापुढे "सफाई" लिहिलेलं होतं. अकरा वर्षं, दर महिन्याला, सफाई. कारकून म्हणाला, "कॉम्प्युटरचं काम करत होती असा कंपनीचा एखादा कागद आणा. मग बघू."

कागद! माझ्या अंगात वीज शिरली. कंपनीच्या लेटरहेडवर, साहेबांच्या सहीशिक्क्याचा, तिच्या कामाचा बारीकसारीक हिशेब देणारा कागद माझ्याच पिशवीत होता. त्याच शुक्रवारी मी बदलापूरला उतरून शेअर रिक्षाने तिच्या गावी गेलो. ती शेतात भाताची लावणी करून नुकतीच आली होती, पायाला चिखल तसाच. मी अर्ज आणि अहवाल तिच्यापुढे ठेवला आणि अर्ध्या तासात करायचं भाषण पाच मिनिटांत केलं.

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पडवीत बसून अहवाल पहिल्यापासून वाचला. तोवर तो तिने एकदाही पाहिला नव्हता. तिला वाचायला द्यावा, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्याही.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"ताई, हे सगळं तुम्हीच आहात."

"नाव दाखव."

मी पानं घेतली. रकान्यावर "मानवी देखरेख" होतं. परिशिष्टात "ऑपरेटर", "संबंधित कर्मचारी". मी मुद्दामच तसं लिहिलं होतं. एका व्यक्तीची शिफारस वाटू नये, कामाची किंमत दिसावी म्हणून. घरात मी हजारो पत्रकं वाचली होती. त्यांत कामगार होता, कष्टकरी होता, शोषित होता. नाव असायचं ते तळाशी, पत्रक काढणाऱ्याचं. माझ्या अहवालातही तळाशी एक नाव होतं.

"म्हणजे उद्या ऑफिसात कुणी हे वाचलं, तर हे सगळं तुला येत होतं," ती म्हणाली.

"मी येऊन सांगेन ना. शपथेवर सांगेन की ते तुमचं होतं."

"आणि ते विचारतील, मग तेव्हा का नाही लिहिलंस?"

तिने थोडा वेळ वाट पाहिली, चिडून वगैरे नाही, खरंच काही उत्तर असेल तर ऐकावं म्हणून. मग अहवाल आणि अर्ज एकावर एक नीट जुळवले आणि माझ्याकडे सरकवले.

"मी सही करते," ती म्हणाली, "पण हा अर्ज तू लिहायचा नाहीस. मला हवा तसा, माझ्या नावाने, मी लिहीन. पेन दे."

मी पेन दिलं. तिने अर्जाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला सगळ्यात वर आपलं पूर्ण नाव लिहिलं, सासरचं आणि कंसात माहेरचंही. मग बराच वेळ विचार करत बसली. मी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तेव्हा तिने मान वर न करता हात उचलून मला गप्प केलं.

तिचा अर्ज लेबर ऑफिसात तीन वर्षं पडून आहे. तारीख लागते तेव्हा ती जाते. मला बोलावत नाही.