जयूच्या नकाशातला आमचा ओटा

जयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाचणीचं पीठ चाळत होते. तिचा भाऊ म्हणाला, "काकी, जयू गेली..." आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे, मुंबईला?" कावीळ झाली म्हणून ती सूर्यमाळला घरी गेली होती. पंधरा दिवसांत येते म्हणाली होती. आता दीड महिना होत आला, तरी जिन्यावर पाय वाजला की मी वर बघतेच.

जव्हारला आमचं किराणा दुकान होतं, ते ह्यांच्या मागे बंद झालं. वरची खोली जयूनं भाड्यानं घेतली. पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली पोर मुंबईत सार्वजनिक धोरणात एम. ए. करत होती आणि प्रबंधासाठी इथे राहायला आली होती. मी विचारलं, "धोरण म्हणजे काय शिकवतात गं?" म्हणाली, "गावाचा कारभार कुणाला विचारून चालतो, ते." म्हटलं, "त्याला शिकायला कशाला हवं? कुणालाच विचारून नाही!" खळखळून हसली. "काकी, तुम्ही पास!"

सगळ्यांना वाटायचं, ही आपल्या पाड्यावरच्या पाणीटंचाईवर लिहील. तिच्या सरांनाही तसंच वाटायचं. पण हिनं धरलं जव्हार शहर. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाड्यावर आम्हाला नावं असतात, काकी. इथे बाजाराला आलो की आम्ही नुसती गर्दी." शहराचं जिथे ठरतं तिथे बाजाराला येणारी एक तरी बाई खुर्चीवर बसलेली असावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यासाठी ती वही घेऊन बाजारभर फिरायची. रानभाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका जीप भरेपर्यंत कुठे टेकतात, पाणी कुठे पितात, आडोशाला कुठे जातात, सगळं विचारायची. त्याचा तिनं एक मोठा नकाशा केला आणि खोलीच्या भिंतीवर लावला.

एकदा चहा द्यायला वर गेले तर नकाशात बाजारपेठेतल्या काही घरांपुढे निळे ठिपके दिसले. आमच्या घरापुढेही होता. "हे काय गं?" ती म्हणाली, "हे ओटे दुपारी ओले असतात, काकी. कुणी बसू नये म्हणून."

दुकान चालू होतं तेव्हा बायका ओट्यावर टेकल्या की गिऱ्हाईक आत येत नाही म्हणून हे सांगायचे, बादलीभर पाणी ओत. दुकान बंद झालं, हे गेले, पण माझी बादली काही थांबली नाही. मी चिडले. म्हटलं, "घाण करतात, पानं टाकतात, ते लिहिलंस का नकाशात?" ती एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात माझी आय एवढं पाणी आणायला अर्धी सकाळ घालवते..."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन बादल्या ओतल्या. हो, ओतल्या. लपवून काय करू? पुढचे आठ दिवस आमचं बोलणं तुटक झालं, आणि मग ती आजारी पडून घरी गेली. ती गेल्यावर मात्र बादली उचलायला माझा हात होईना. ठरवलं, आली की सांगायचं. फोनवर सांगता आलं असतं, पण मला तिचं तोंड बघायचं होतं ऐकताना... राहिलं ते.

मागच्या बाजाराला तिची आई सामान न्यायला आली. भर उन्हात रस्त्यावरच उभी. मी म्हटलं, "बसा ना." तिनं वाकून ओट्यावर आधी तळवा टेकवला, फिरवून बघितला आणि मग अगदी काठावर बसली. मला राहवलं नाही. "पाणी मीच टाकायचे," म्हणाले.

"ठाव हाय बाय," ती म्हणाली. "जयू सांगं ना. म्हणं, काकी लय मायाळू हाय. पाणी तेवढं टाकते."

नकाशा ती घेऊन गेली. गुंडाळी करून, पदराखाली धरून.

आता बाजाराच्या दिवशी दोन-चार बायका बसतात आमच्या ओट्यावर. मी आतून बघत असते. ओटा कोरडा असून कितीतरी दिवस झाले, तरी टेकण्याआधी एकूण एक बाई तळवा फिरवून बघते.