हिरवा फेटा आणि पाच सॉफ्टवेअरं

माझ्या बायकोच्या मामांइतका चिकित्सक माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात नाही. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे, आणि व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर ते गेली पंधरा वर्षं निवडताहेत. प्रत्येक सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायला मिळतं. महिना संपला की मामा तेच दुसऱ्या नातेवाइकाच्या लॅपटॉपवर पुन्हा सुरू करतात. माझ्या लॅपटॉपवर त्यांची तीन आहेत. कुरकुर केली तर म्हणतात, "जावईबापू, जावई काय, सॉफ्टवेअर काय, पारखूनच घेतलं पाहिजे." मला कितपत पारखलं होतं, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. परीक्षेची क्लिपही ठरलेली: मामी पोळ्या लाटताहेत, आणि त्यातली एक उडून चंद्राच्या जागी बसली पाहिजे. ती आजवर कधी नीट बसली नाही. एकदा तर पोळी पोळपाटावरच राहिली आणि मामी चंद्रावर गेल्या.

गेल्या हिवाळ्यात मात्र मामांची खरी परीक्षा झाली. दिंडोरीच्या एका बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्ताला तासभर असताना आभाळ भरून आलं. द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात, पावसाने रोग पडायची भीती, त्यामुळे वधुपिता व्याह्यांनी बांधलेल्या फेट्यानिशी फवारणीला धावले. बाग वाचली, मंगलाष्टकं चुकली. मुलगी त्यानंतर वडिलांशी धड बोलेना. शेवटी ते मामांकडे आले. "भाऊ, व्हिडिओत मला तेवढं मांडवात उभं करा. पोरगी बोलत नाय माझ्याशी."

मामांनी त्यांना लग्नाच्याच पोशाखात हिरव्या पडद्यापुढे उभं केलं, हातात अक्षता दिल्या, स्पीकरवर मंगलाष्टकं लावली. सॉफ्टवेअरने हिरवा रंग पुसायचा आणि मागे मांडव बसवायचा, असा बेत. सगळं झक्क झालं. फक्त फेटाही हिरवाच होता, एवढी बारीकशी गोष्ट मामांच्या नजरेतून सुटली. पडद्याबरोबर फेटाही पुसला गेला आणि वधुपिता भुवयांपाशीच संपले! मामांनी पाच सॉफ्टवेअरं बदलली, नातेवाइकांचे सगळे लॅपटॉप तापवले. बागायतदारही हटून बसले, "व्याह्यांनी मानानं बांधलेला हाय, उतरवणार नाय." आठव्या दिवशी मामी चहा घेऊन आल्या, पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मागे निळी चादर लावा की." मामा गरजले, "मी तेच म्हणतोय केव्हापासून!" चादरीपुढे पुन्हा शूटिंग झालं, आणि मामांच्या जुन्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून पडून असलेल्या साध्या सॉफ्टवेअरने एका दुपारीत काम फत्ते केलं.

व्हिडिओ दाखवायला मामा मलाही दिंडोरीला घेऊन गेले. सगळं घर टीव्हीपुढे जमलं. वधुपिता मांडवात उभे, अक्षता टाकताहेत, फेट्याचा तुरासुद्धा शाबूत! टाळ्यांचा कडकडाट झाला, मामा लढाई जिंकल्यासारखे सगळ्यांकडे बघत होते. मुलगी मात्र उठून टीव्हीजवळ गेली. "मामा, आण्णांच्या डोळ्यांत पाणी दिसतंय. ते कुठल्या सॉफ्टवेअरनं आणलं?"

मामांचा आवाज एकदम खाली आला. "ते आम्ही नाही आणलं, पोरी. मंगलाष्टकं लागली आणि हे समोरच्या रिकाम्या स्टुडिओकडे बघून रडायला लागले."

 मुलगी वडिलांशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आण्णा, बाग कशी आहे आता?" परतीच्या वाटेवर मामांनी एकाही सॉफ्टवेअरचं नाव काढलं नाही.