पाटीची सावली

पोरगी माझ्या डोळ्यांदेखत फरशीवर कोसळली. वसतिगृहात खोली मिळावी म्हणून सकाळपासून उन्हात रांगेत उभी होती. काकड्यांची टोपली टाकून मी धावले. तिला ओढत वसतिगृहाच्या नावाच्या पाटीखाली आणलं, तरी पाय उन्हातच राहिले. विद्यापीठाच्या एवढ्या मोठ्या नव्या चौकात सावली त्या एका पाटीचीच. पाटीवर लिहिलंय, ‘पर्यावरणपूरक वसतिगृह’.

इथं कडुलिंब होता. तोडला तेव्हा नकाशा काढणाऱ्या तरुणाला मी विचारलं होतं, “आता सावली कुठली?”

“आजी, नकाशात वीस झाडं आहेत.”

“मग नकाशाखाली बस तू.”

वीस झाडं लावली खरी, पण अजून गुडघ्याएवढीच आहेत. दगडी बाकांवर दुपारी भाकरी भाजेल. बांधणाऱ्यानं आधी उन्हात बसून बघावं, हे मला चौथी शिकून कळतं. त्यांना एवढं शिकून का कळू नये?

तोंडावर पाणी मारल्यावर पोरीनं डोळे उघडले. “आजी, माझा नंबर गेला?”

“नाही गं. तुझी चप्पल उभी आहे रांगेत.”

ती उठली आणि पुन्हा उन्हात चपलेपाशी जाऊन उभी राहिली. जेमतेम अठरा वर्षांची असेल.