बेटावरच्या बंगल्यातले बेपत्ता जोडपे

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी यावल तालुक्यातल्या त्या बेपत्ता आई-वडिलांचा तपास मनातून गेलेला नाही. त्यात ना खून होता, ना दरोडा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पण लिहिण्याची सवय जबाब नोंदवण्यापुरतीच. त्यामुळे हे कितपत जमेल, शंका आहे.

सकाळची हजेरी चालू असताना दोन भाऊ ठाण्यात आले. थोरला गावात केळी करणारा, धाकटा पुण्यात नोकरीला. वडील अडुसष्ट वर्षांचे, आई बासष्टची. आदल्या दिवशी पहाटे शेतात जातो म्हणून दोघे निघाले, ते परतलेच नव्हते. मोबाइल घरीच ठेवलेले.

"कोणीतरी फूस लावून नेलंय, साहेब," धाकटा म्हणाला. "आमच्या घरात कसलाच वाद नाही."

मिसिंगची तक्रार दाखल केली, स्टेशन डायरीत नोंद घेतली. दवाखाने, विहिरी, नदीकाठ, सगळे पाहून झाले. दोन दिवस थोरला ठाण्यासमोरच्या बाकावर न खाता-पिता बसून होता.

मग एका एसटी कंडक्टरने खबर दिली. फोटो पाहून तो हसलाच. "या आजींना कसा विसरेन? कपाशीच्या काड्यांचा भारा घेऊन धुळ्याच्या गाडीत चढल्या. म्हटलं, आजी, तिकडे जळण मिळत नाही का? तर म्हणाल्या, तू तिकीट फाड भाऊ, अक्कल नको शिकवू!" दोघे धुळ्याच्या अलीकडे एका धरणाच्या फाट्यावर उतरले होते.

पळवून नेलेली माणसे जळण बरोबर नेत नाहीत, एवढे मला कळले. पुढचे कळेना.

त्या धरणाच्या पाण्यात एक टेकडी बेटासारखी उभी आहे. तिच्यावर इंग्रजांच्या काळातला दगडी डाक बंगला. आता तो मुक्कामाला मिळतो. स्थानिक ठाण्याला कळवून आम्ही काठावर पोहोचलो आणि नाववाल्याला गाठले.

"कोनी नही उनं, साहेब. बंगला बंद शे."

कोणी आलेच नाही, हे ऐकून मी आवाज चढवला. तेवढ्यात आमच्या हवालदाराने नावेच्या फळ्यांत अडकलेली एक काडी काढली. तिला वाळलेले बोंड होते. त्या खडकाळ बेटावर कपाशी कुठून येणार? मी ती काडी नाववाल्याच्या हातात ठेवली.

"आबांनी सांगेल शे, आठ दिन कोनले सांगू नको," तो पुटपुटला. "मन्हा काय गुन्हा शे, साहेब?"

"काही नाही. नाव काढ."

बंगल्याच्या मागे आजी कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजत होत्या आणि आबा, म्हणजे त्या भावांचे वडील, शेजारी बसून भाजलेली वांगी सोलत होते. आमचे गणवेश पाहून आजींनी आणखी दोन वांगी जाळावर ठेवली.

"आले का? आता भरीत खाऊनच जा मंग."

"इथी सुट्टीवर आनलं," आबा म्हणाले, "तं हिनं घरचं जळन सोबत घेतलं. दुसऱ्या लाकडावर भाजेल हिले चालत नाई."

"आबा, घरी काय झालं?" मी विचारले.

"काई झालं नाई. पोरं वाईट नाईत, साहेब. पुढच्या आठवड्यात हिले पुण्याले नेनार, नातवाले सांभाळाले. मी गावात थोरल्याजवळ. पोरायनं ठरवलं. आमाले कोनी इचारलंच नाई."

आजी वांगे उलटत, आबांकडे मान वळवून म्हणाल्या, "चाळीस वर्सं अठरा मानसायचा सयपाक केला. यायच्याशी बोलाले कवा भेटलं?"

तरुणपणी केळीच्या ट्रकवरून जाताना आबांना हा बंगला दिसायचा. बायकोला एकदा दाखवायचे ठरवले होते, ते राहूनच गेले. बंगल्याच्या नोंदवहीत दोघांनी आपली खरी नावे लिहिली होती.

मी त्यांना सांगितले, "तुम्ही सज्ञान आहात, स्वखुशीनं आलात. जबाब दिलात की माझं काम संपलं. कुठं आहात ते मुलांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा."

"सांगा," आजी म्हणाल्या. "आनि लिव्हा, पुण्याले जाऊ तं दोघं जाऊ. नाई तं कोनीच नाई."

मी शब्द न बदलता लिहिले.

ठाण्यात दोन्ही भावांना तो जबाब वाचून दाखवला. धाकटा म्हणाला, "पण साहेब, पुण्यातलं घर लहान आहे."

"त्यायले तिथी एक खोली पुरली ना!" थोरला त्याच्यावर ओरडला. मग स्वतःच खाली मान घालून बसला. आईला पाठवायचे ठरले, तेव्हा हो म्हणणारा तोही होता.

शेवटी धाकट्याने विचारले, "अजून किती दिवस आहेत ते तिथे?"

"चार."

"राहू द्या त्यांना."

पुढे आबा आणि आजी पुण्याला गेले ते बरोबर, आणि काही महिन्यांनी परतले तेही बरोबर, असे थोरल्याने रस्त्यात भेटला तेव्हा सांगितले.

'आमच्या घरात कसलाच वाद नाही' हे वाक्य मी त्या दिवशी जसेच्या तसे लिहून घेतले होते. ते खोटेही नव्हते. जिथे विचारलेच जात नाही, तिथे वाद कसा होणार? त्यानंतर बेपत्ता माणसाची नोंद घेताना मी नातेवाइकांना एक प्रश्न जास्त विचारू लागलो: गेल्या काही दिवसांत घरात कोणता निर्णय झाला, आणि तो होताना हे माणूस तिथे बसलेले होते का? बहुतेक वेळा उत्तर देण्याआधी घरची मंडळी एकमेकांकडे पाहत.