ओगुचीसाहेबांचे दहा आनंद

ओगुची शिगेमासा यांना छंद कसले आले होते? छंद होते ते त्यांच्या नववर्षाच्या पत्राला. मात्सुमोतोच्या नगरपालिकेत, पाणीपुरवठा विभागात सदतीस वर्षं खुर्ची उबवून हा माणूस निवृत्त झाला आणि पहिल्याच डिसेंबरात त्याच्या डोक्यात एक टूम निघाली. बाकीचे लोक नववर्षाच्या पोस्टकार्डावर शुभेच्छांच्या दोन ओळी लिहून मोकळे होतात. आपण सरत्या वर्षातले आपले दहा आनंद छापायचे! चांगले एक ते दहा आकडे घालून. तेव्हापासून सहा वर्षं दोनशे चौदा घरांना एक जानेवारीच्या सकाळी ओगुचीसाहेबांचे आनंद घरपोच मिळत होते. मागितले कुणीच नव्हते, पण ते राहू द्या.

आता दरवर्षी नवे कोरे दहा आनंद आणायचे कुठून? त्यासाठी बिचाऱ्यांना वर्षभर राबावं लागे. यंदा त्यांनी कुट्टूच्या पिठाच्या शेवया, म्हणजे सोबा, स्वतः मळायला घेतला. कणीक भिजवायला त्यांना खास लाकडी परात लागली, खास सुरी लागली आणि डोक्याला बांधायला निळं फडकंही लागलं. एवढं करून जे शिजलं ते बोटाबोटाएवढे तुकडे. ते डब्यात भरून गल्लीत वाटले. शेजारचे मोमोसे म्हणाले, "वा ओगुचीसाहेब, चमच्यानं खाता येणारा सोबा जन्मात पाहिला नव्हता!" ओगुचीसाहेबांनी ते कौतुक समजून वहीत लिहून ठेवलं.

मग बांबूची बासरी आली. तीन आठवडे तिच्यातून नुसती हवा निघाली, पण बासरी ओठांना लावलेला फोटो मात्र झकास निघाला, म्हणून बासरी माळ्यावर गेली. मातीकामाच्या एका दिवसाच्या वर्गात त्यांनी साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, पेला बनवला, तो बुडाशी पाझरे. डोंगर चढले, तेही दोरावरच्या पाळण्यात बसून. फोटोतून पाळण्याचा दोर तेवढा कापला.

"अहो, बासरी वाजवायचं सोडलंत का?" बायकोनं, कियोएनं, एकदा विचारलं.

"झालं की. आनंद क्रमांक तीन," साहेब म्हणाले. कार्डावर नाव चढलं की त्यांच्या दृष्टीनं ती विद्या आत्मसात झालेली असे.

कियोएच्या वर्षाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. तिचं वर्ष मंगळवारांचं होतं. दर मंगळवारी दोन गाड्या बदलून ती सुझाकाच्या इस्पितळात आपल्या थोरल्या बहिणीकडे जायची. ताईला उठवत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. दोघी मिळून दोऱ्याचे चेंडू करायच्या, लहानपणी आजीनं शिकवले होते तसे. आत भाताचा कोंडा भरायचा, वरून दोरा गुंडाळायचा, टाचण्या लावून चेंडूचे भाग पाडायचे आणि रंगीत रेशमानं शेवंतीच्या पाकळ्या विणायच्या.

"ही शेवंती आहे की फ्लॉवरचा गड्डा?" ताई विचारायची.

"तुझी तेवढी शेवंती, माझा गड्डा! डोळ्याला चष्मा लाव आधी."

"चष्मा लावलाय म्हणून तर गड्डा दिसतोय ना गं बावळट!"

आणि मग दोघी तोंडावर पांघरूण धरून अशा हसायच्या की परिचारिका येऊन दटावून जायची. वय एकीचं त्र्याहत्तर, दुसरीचं पासष्ट. वर्षभरात अकरा चेंडू झाले. नऊ नोव्हेंबरला ताई गेली.

ओगुचीसाहेब अंत्यविधीला आले होते, नाही असं नाही. दहन होऊन अस्थी हातात येईपर्यंत तिथे तास-सव्वातास बसून राहावं लागतं. सगळे मान खाली घालून चहा पीत होते. त्या शांततेत साहेब ताईच्या चुलतदिरांना समजावून सांगत होते, "पिठाच्या निम्म्याहून जरा कमी पाणी. सगळी गोम पाण्यात आहे बघा. मी सदतीस वर्षं पाण्यात काढली आहेत." कियोएनं ते ऐकलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तेवढ्यात हातात चिमटा आला आणि बहिणीची हाडं वेचायची वेळ झाली.

आता घरात सुतक असलं की नववर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत आणि घ्यायच्याही नाहीत. डिसेंबर लागता लागता करड्या रंगाची सुतकपत्रं पाठवायची: आमच्याकडे अमुक माणूस गेलं, यंदा शुभेच्छापत्र पाठवणार नाही, क्षमा असावी. ती मिळाली की समोरचेही पाठवत नाहीत. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

नोव्हेंबरच्या शेवटी कियोए स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. साहेब टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून लाकडाचा ठसा कोरत होते. इथल्या बारा प्राण्यांच्या चक्रात येणारं वर्ष घोड्याचं, म्हणून घोडा. चार दिवसांपासून घोड्याचे मागचे पाय जमत नव्हते.

"अहो, मी ताईची सुतकपत्रं छापून घेतली आहेत. तुमच्या वहीतले पत्ते घेते. सगळ्यांना पाठवते."

"हं."

"आपल्या दोघांच्या नावानं."

"हं हं. हा गुडघा इकडून वाकतो की तिकडून गं?"

"कुणाचा?"

"घोड्याचा!"

कियोएनं गुडघा कुठून वाकतो ते सांगितलं आणि आत जाऊन वही उघडली. दोनशे चौदा पत्ते तिनं हातानं लिहिले. तीन दिवस लागले. ताईचं नाव दोनशे चौदा वेळा तिच्या डोळ्यांखालून गेलं, आणि खरं सांगायचं तर तेच तीन दिवस तिला जरा बरं वाटलं. ताईसाठी करता येण्यासारखं आता एवढंच उरलं होतं. या वर्षी तरी दोनशे चौदा घरांनी ताईकरता घटकाभर गप्प बसावं, एवढंच तिला हवं होतं.

वीस डिसेंबरला साहेबांनी छापून वाळवलेलं पहिलं कार्ड तिच्यापुढे मोठ्या दिमाखात धरलं. घोडा म्हशीवर गेला होता. त्याच्याखाली बारीक अक्षरांत दहा आनंद होते. ती वाचत गेली. सोबा, मातीकाम, बासरी, डोंगर. सातव्यावर थांबली.

'७. घरात दोऱ्याच्या चेंडूंच्या पारंपरिक कलेचा आरंभ. सोबत छायाचित्र.'

फोटोत ताईचा शेवटचा चेंडू होता. पांढऱ्यावर जांभळी शेवंती. तो साहेबांनी फडताळातून काढून, आपल्या तळहातावर ठेवून, फोटो काढला होता. आणि अगदी तळाशी: 'पत्नी कियोए हिचेही वर्ष हसतखेळत गेले.'

"हा चेंडू तुम्ही केलात?" कियोएनं विचारलं.

"तसं कुठे लिहिलंय? घरात आरंभ, असं लिहिलंय. घर आपलंच ना?"

"अहो, ताईला जाऊन दीड महिनाही झाला नाही. आपल्याला सुतक आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. नियमाची गोष्ट निघाली की त्यांच्यातला कचेरीतला माणूस उठून बसायचा. "हे बघ, सुझाकाची ताई म्हणजे तुझी बहीण. माझ्याकडून ते नातं लांबचं. अशा नात्याचं सुतक पाळावंच असं नाही, पुष्कळ लोक पाळत नाहीत. कचेरीतसुद्धा मेहुणीसाठी एकच दिवस रजा मिळायची. आणि लोक वाट बघत असतात गं या कार्डाची."

"कोण?"

"कोण म्हणजे? सगळे!"

सुतकपत्रं जाऊन तीन आठवडे झाले आहेत, हे तेव्हा ती बोलू शकली असती. बोलली नाही.

चोवीस तारखेला सकाळी साहेब कार्डांचे गठ्ठे पिशवीत भरून निघाले. पंचवीसच्या आत पेटीत पडली तरच एक तारखेला पोचतात. दाराशी बसून त्यांनी बूट घालायला घेतले. उजव्या बुटाच्या नाडीची गाठ बसली होती, ती सुटेना. कियोए मागे उभी होती. नाडी सुटायला चांगली दोन मिनिटं लागली. तेवढ्यात सांगता आलं असतं, की अहो, थांबा, घराची शोभा होईल. सुतक आहे म्हणून कळवलेल्या घरातून दहा आनंद गेले तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तुम्हाला आणि मलाही. तिला हे सगळं स्वच्छ कळत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर तो चेंडू धरलेला तळहात होता, आणि तिच्या पोटात असा राग होता की चाळीस वर्षांच्या संसारात तसा कधी आला नव्हता.

"गार वारा आहे. गळपट्टा घ्या," ती म्हणाली.

एक जानेवारीला साहेब नवा स्वेटर घालून नऊ वाजल्यापासून पत्रपेटीशी घिरट्या घालत होते. गेल्या वर्षी एकशे ब्याण्णव कार्डं आली होती, जाड रबर लावून. पोस्टाची लाल मोटरसायकल गल्लीत शिरली, मोमोसेंकडे थांबली, भलामोठा गठ्ठा टाकला, ओगुचींच्या दाराशी आली. पोस्टमनने तीन कार्डं दिली. एक दाताच्या डॉक्टरचं, एक न्हाव्याचं, एक गाडी दुरुस्तीवाल्याचं.

"एवढीच?"

"एवढीच साहेब," म्हणून मोटरसायकल पुढे गेली.

"पोस्टाचा गोंधळ दिसतोय," साहेब घरात येऊन म्हणाले. "आमच्या विभागातल्यांची सगळी कार्डं अडकली असणार." कियोए मुळा किसत होती. तिनं वर पाहिलं नाही. मग साहेबांना राहवेना, ते सपाता घालून मोमोसेंकडे गेले. कियोए खिडकीशी आली. त्या खिडकीतून मोमोसेंचं दार दिसतं.

मोमोसे दारात आले. साहेब हातवारे करून बोलत होते. मोमोसे नुसतेच वाकत होते, एकदा, दोनदा, तीनदा. मग आत गेले आणि दोन कार्डं घेऊन आले. एक करडं, एक घोड्याचं. दोन्ही त्यांनी साहेबांच्या हातात दिली, आणि बिचारे जमिनीकडे बघत उभे राहिले. साहेबांनी करडं वर केलं, खाली केलं. घोड्याचं वर केलं. दोन्हींवर खाली तीच नावं: ओगुची शिगेमासा, कियोए.

परत आले ते बूट काढायच्या फरशीवरच बसले. चेहरा पार उतरला होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही हं म्हणालात."

"कधी?"

"घोड्याचा गुडघा बसत नव्हता तेव्हा."

साहेब उसळून म्हणाले, "पण चोवीस तारखेला मी निघालो तेव्हा? तेव्हा माहीत होतं ना तुला?"

"होतं."

"मग?"

"थांबवता आलं असतं," कियोए म्हणाली. "नाही थांबवलं. माझ्या बहिणीचा चेंडू तुमच्या आनंदांत सातवा लावलात. जाऊ दे म्हटलं, कळू दे सगळ्यांना."

गल्लीत वाटायला साहेबांनी आदल्या दिवशी मळलेला सोबा तसाच फडक्याखाली राहिला. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

सणाचा आठवडा सरला आणि आठ तारखेपासून पत्रं यायला लागली. सुतकातल्या घराला शुभेच्छांऐवजी थंडीतली विचारपूस पाठवायची असते, तसली. रोज वीस, तीस. सगळी कियोएच्या नावानं. कुणी लिहिलं, ताई गेल्याचं तुमच्या पत्रानं कळलं, जपा. कुणी लिहिलं, लहानपणी ताईंच्या दुकानातून दोरा आणायचो. मोमोसेंच्या बायकोनं तर शेजारी राहून पोस्टानं कार्ड पाठवलं. कियोए एकेक वाचायची, डोळे पुसायची आणि देवघरात ताईच्या फोटोपुढे ठेवायची.

साहेबांच्या नावानं एकच आलं. त्यांचे जुने वरिष्ठ याझाकीसाहेब, ज्यांच्यासाठी खरं म्हणजे दरवर्षी हा सगळा खटाटोप चाले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. 'आपले दहा आनंद मिळाले. अशा दुःखद वर्षातही आपले मन इतके प्रसन्न राहू शकले, हे पाहून थक्क झालो. पत्नीस माझा नमस्कार.'

साहेबांनी ते तीनदा वाचलं. इथल्या लोकांचा राग असाच येतो, चांगल्या अक्षरात, आणि उत्तर देता येत नाही. दुपारभर ते हात मांडीवर ठेवून बसले होते. आपल्या कार्डाची कुणी वाट बघत नव्हतं, हे त्यांना त्या दुपारी बहुधा पहिल्यांदा कळलं. मोमोसे समोरून जाताना चटकन रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तेही दिसलं.

संध्याकाळी ते उठले. कोरी पोस्टकार्डं आणली, कुंचल्याचं पेन काढलं, टेबलावर वही उघडून पहिला पत्ता लिहिला: याझाकीसाहेब. दोनशे चौदा घरांना माफी मागायची, हातानं लिहून, छापून नाही. कियोएला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं पाहिलं आणि चहा ठेवला. राग ओसरला नव्हता, तरी चहा ठेवला.

साहेबांनी लिहिलं, 'गतवर्षी नोव्हेंबरात माझ्या पत्नीची थोरली बहीण'. पेन थांबलं. चहा निवत चालला.

"काय झालं?" कियोएनं विचारलं.

साहेबांनी मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते. "अगं," ते म्हणाले, "सुझाकाची ताई... तिचं नाव काय होतं?"

कियोएनं ओट्याचा खण उघडला, उरलेलं एक करडं कार्ड काढलं आणि त्यांच्या कपाजवळ ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली. "दोनशे चौदा घरांना माहीत आहे."