नवशी 'लागला' म्हणायची तेव्हा

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या तलासरीला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. या गोष्टीत चूक नवशीची होती. लाज मात्र मला वाटायला हवी होती, आणि ती वाटायला मला दोन दिवस लागले.

मी मनोरमा सावे. डहाणूजवळ आगरला राहते आणि गेली एकोणतीस वर्षं तलासरीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. नवशी वरठा आमच्या प्रयोगशाळेतली मदतनीस. शिक्षण नववी. आली तेव्हा झाडू मारायला आली होती. वर्षभरात कुठली तार कुठल्या खोक्यात आहे ते तिलाच विचारावं लागायला लागलं, मग झाडू दुसऱ्याकडे गेला आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. नवरा लवकर गेला. मुलगा मनिष उमरगावच्या कंपनीत पाळीने जातो. कॉलेजपासून चालत अर्ध्या तासावर तिचा पाडा, आणि पावसात रस्ता बुडाला तरी तिचा खाडा नसे, माझे मात्र पडत.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक प्रयोग असतो. लाल, पिवळा, हिरवा आणि निळा असे चार बारीक एलईडी घ्यायचे. एकेकाला व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं आणि तो नेमका कितीवर उजळायला लागतो ते टिपायचं. त्या चार आकड्यांवरून प्लांकचा स्थिरांक काढायचा. सगळ्या क्वांटमच्या मुळाशी बसलेली ती संख्या आमच्या पत्र्याच्या छपराखालीसुद्धा निघते, याचं मला अजून नवल वाटतं.

हे मुलांच्या गळी उतरवताना माझा घसा बसायचा. मग एकदा दारात उभी असलेली नवशी मध्येच बोलली. म्हणाली, चिंचणीच्या मावश्या बाजारात बोंबलाचे वाटे लावतात ना, तसंच की हे. अर्धा वाटा कोणी देत नाही. उजेड पण वाट्यानंच येतो, आणि निळ्याचा वाटा लालपेक्षा महाग. पोरं हसली, पण त्या वर्षी त्या प्रश्नाला कोणी नापास झालं नाही. तेव्हापासून मी ते उदाहरण माझं म्हणून खपवत आले आहे.

खरी अडचण पुढे असते. दिवा उजळायला लागला हे ठरवायचं कोणी? पहिला उजेड इतका पुसट असतो की मुलांना तो उशिरा दिसतो आणि आकडा चुकतो. त्यासाठी नवशी होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत ती दहा मिनिटं गप्प बसून राही, डोळे अंधाराला सरावले की एलईडीवर बसवलेल्या काळ्या पाइपच्या तुकड्याला डोळा लावी. एक मुलगा बटण फिरवत व्होल्टेजचे आकडे मोठ्याने वाचायचा, आणि एका क्षणी नवशी म्हणायची, "लागला." आम्हाला काही दिसत नसे. आकडा आणखी थोडा वाढला की आम्हालाही दिसायचा, आणि नवशी कधी चुकलेली नसायची.

हे तिला बापाने शिकवलं होतं. भात पिकायला आलं की रानडुकरांपासून शेत राखायला तो तिला शेतातल्या उंच माळ्यावर घेऊन बसायचा. अंधारात जनावर बघायचं तर त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, डोळा जरा बाजूला ठेवायचा, म्हणजे ते आपोआप दिसतं. पुस्तकात हीच गोष्ट डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींची नावं घेऊन सांगितलेली आहे. मी ती पाठ केली होती आणि परीक्षेनंतर विसरले होते.

अलीकडची दोन वर्षं या प्रयोगाचे आकडे फारच सुरेख यायला लागले. प्रत्येकाच्या आलेखावर चारही ठिपके रेघेवर बसलेले. मी वर्गात तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं. इतके सुरेख आकडे खऱ्या प्रयोगात येत नाहीत, हे एकोणतीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कळायला नको?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. पूर्वी नावाची डहाणूची एक चुणचुणीत मुलगी आकडे वाचत होती आणि मी अंधाऱ्या खोलीत नवशीच्या शेजारी उभी होते. निळ्याची पाळी. दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक पाच, दोन पूर्णांक सहा. नवशी म्हणाली, "लागला."

पूर्वीने सवयीने बटण आणखी पुढे नेलं. तीन आले, सव्वातीन आले. काही दिसेना. मी वाकून पाइपला डोळा लावला तर आत ठार अंधार. खिडकी उघडून पाहिलं, तर एलईडीची तार सोल्डरच्या डाखापासून तुटून लोंबत होती. तो दिवा लागलाच नव्हता, लागणं शक्यच नव्हतं.

माझं डोकं सणकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळ्या मुलांसमोर मी तिला विचारलं, की न बघताच लागला म्हणतेस, किती दिवस चाललंय हे? सतरा मुलांच्या वह्यांत खोटं लिहवून घेतलंस? तिने मान खाली घातली. मग ती वळून दाराकडे गेली, आणि वाटेतलं स्टूल तिला दिसलं नाही. भर उजेडात ती त्यावर आपटली. मुलांनी धावत जाऊन तिला उठवलं. मी जागची हलले नाही, रागात होते ना.

दोन दिवस ती आली नाही. तेवीस वर्षांतला तिचा पहिला खाडा. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या पाड्यावर गेले. अंगणात बसून ती तांदूळ निवडत होती, बोटांनी चाचपून. ओट्यावर बसले आणि मला रडूच आलं, आणि ती मलाच पाणी आणायला उठली.

मग तिने सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लाल कितीवर लागतो, निळा कितीवर, हे आकडे इतक्या वर्षांत तोंडपाठ झालेले. मुलं आकडे वाचत, आणि ओळखीचा आकडा आला की ही लागला म्हणे. मी म्हटलं, अगं, मला सांगितलं असतंस तर मी तुला कामावरून काढलं असतं का? ती म्हणाली, तशी भीती नव्हती.

"बाई, तुम्हाला सगळं माझ्यापेक्षा जास्त येतं," ती म्हणाली. "ही एकच गोष्ट होती जी मला तुमच्यापेक्षा बरी यायची."

ऑपरेशन का नाही केलंस, एवढंच विचारलं. तेव्हा खरी गाठ सुटली. डॉक्टर डोळ्यातलं भिंग काढून दुसरं बसवतात हे तिला माहीत होतं. मग त्या परक्या भिंगातून पहिला बारीक उजेड दिसेल का? सगळं लख्ख दिसेल, भाकरी दिसेल, रस्ता दिसेल, पण तेवढंच दिसणार नसेल तर? आंधळं झालं तर निदान एके काळी ते दिसायचं असं म्हणता तरी येईल. वेड्यासारखं बोलतेस, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी गिळलं, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं.

पुढच्या सोमवारी तेच डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायला आम्ही निघालो. महामार्गाने चारोटी, तिथून आशागडवरून डहाणू. रिक्षात मी तिचा हात धरून ठेवला होता. आशागड गेल्यावर एकदम म्हणाली, "तुम्ही वर्गात सांगता, कोणी बघेस्तोवर कण कुठे आहे ते ठरतच नाही. मग मी न बघता लागला म्हणत होते, तेव्हा काय होतं तिथं?"

मी म्हटलं, "तार जोडलेली असेल तेव्हा दिवा लागत होता, नवशी. तू बघ की नको बघूस. कणाचं म्हणशील, तर बघण्याआधी काय असतं यावर जगातले शहाणे शंभर वर्षं भांडतायत."

"म्हणजे त्यांना पण नाय माहीत?"

"नाही माहीत. पण न बघता बघितलं असं त्यातला कोणी म्हणत नाही."

तिने तोंड रस्त्याकडे वळवलं. मला वाटलं, झालं, पुन्हा जीभ घसरली.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. भिंग कितीचं बसवायचं ते ठरवायला त्यांनी लेझरने तिच्या डोळ्याची लांबी मोजली. लेझर म्हणजे पुन्हा ते क्वांटमच. मी नवशीच्या कानात म्हटलं, बघ, तुझेच वाटे तुझा डोळा मोजतायत. ती पहिल्यांदा हसली. एक डोळा झाला, महिन्याने दुसरा. डॉक्टरांनी बजावलं, थोडे दिवस निळा रंग अंगावर आल्यासारखा वाटेल, पिकलेलं भिंग निळा अडवून धरतं, नवं धरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कामावर आली. मी काही बोलायच्या आत ती वर्गात उभी राहिली आणि तिने मुलांना सगळं स्वतः सांगितलं. वह्यांतली ती पानं रद्द करा म्हणाली, प्रयोग पुन्हा करू. पण या वेळी आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत, मनात वाचायचे. माझं ऐकूनच लिहा, मला काही ऐकवू नका.

पुन्हा ती अंधारी खोली. दहा मिनिटं ती बसली, शेजारी मी बसले. परीक्षा जणू माझीच होती. तिने पाइपला डोळा लावला आणि मान किंचित कलती केली. लाल झाला, पिवळा झाला, हिरवा झाला, तिन्ही आकडे जुन्यांच्या जवळपास, पण रेघेवर नाहीत, थोडे इकडेतिकडे. खरे आकडे असेच येतात. निळा राहिला. पूर्वी आकडे मनात वाचत बटण फिरवत होती.

"लागला," नवशी म्हणाली. मग हळूच, स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "अगो बाय, केवढा निळा आहे हा."

पूर्वीने मीटर पाहिलं. दोन पूर्णांक चार. इतक्या खाली निळा आमच्याकडे कधीच कोणाला दिसला नव्हता, तिलाही नाही. मुलं माझ्याकडे बघू लागली. खरं की खोटं, हे आता बाईंनी सांगायचं होतं.

मी वाकले. पाइपला डोळा लावला. आत अंधार होता. डोळा बाजूला ठेवून पाहिलं, मिचकावून पाहिलं, दुसरा डोळा लावून पाहिला. काही नाही. तार मी स्वतः सकाळी तपासली होती. हो, दिसतोय, म्हणून टाकावं असं फार वाटलं. तिच्यासाठी. दोन शब्दांचं काम होतं.

"मला दिसत नाही, नवशी," मी म्हटलं.

ती मुळीच दचकली नाही. पूर्वीला म्हणाली, "वाढव. बाईंना दिसेस्तोवर वाढव." पूर्वी बटण जरा जरा पुढे नेत गेली. दोन पूर्णांक पाच. सहा. सात. आठ. नऊच्या जवळ गेल्यावर मला एक मळकट ठिपका दिसला, राखेत विझत आलेल्या निखाऱ्याएवढा. बटण मागे घेऊन बाकीच्या मुलांनी एकेक करून पाहिलं, तर त्यांना तो माझ्या कितीतरी आधी, दोन पूर्णांक सातलाच दिसत होता. तरण्या डोळ्यांची पोरं ती. खोलीत एकटी मागे राहिले होते ती मी.

वहीत आम्ही दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक, नावांसकट. लिहून झाल्यावर नवशीने खिडकी उघडली, माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं. तेवीस वर्षांत तिने मला कधी हात लावला नव्हता.

"सोमवारी डहाणूला जायचं, बाई," ती म्हणाली. "रिक्षात हात मी धरीन."