शनिवारची शाळा

"शाळा सकाळचीच ना?" डॉक्टरबाईंनी जुना कागद बघत विचारलं आणि मी मान हलवली.

एवढंच झालं होतं. मी तोंडाने हो म्हणालो नाही, नुसती मान हलवली. पुढचे कितीतरी महिने मी स्वतःला हेच सांगत राहिलो की आपण खोटं बोललेलो नाही.

खरं असं होतं, की माझ्या मुलीची शाळा चौथीपर्यंत सकाळची होती. जूनमध्ये ती पाचवीत गेली आणि शाळा दुपारची झाली. साडेबाराला भरायची, संध्याकाळी सुटायची. पनवेलमधल्या बऱ्याच शाळांत हे असंच आहे. एकाच इमारतीत सकाळी धाकटे, दुपारी थोरले. त्यात काही लपवण्यासारखं नव्हतं. मग मी मान का हलवली?

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते, ऑफिसला उशीर होत होता, हे आहेच. पण मला वाटतं, मान हलवण्याआधीच मला कळलं होतं, की दुपारची शाळा म्हटलं तर गोळी दुपारी द्यावी लागेल. आणि दुपारी घरी फक्त माझी आई असते.

आईला गोळीचं माहीत नव्हतं.

मुलीला एडीएचडी आहे हे चौथीत कळलं. जागेवर बसवत नाही, ऐकलेलं अर्धं निसटतं, पेन्सिल, डबा, पाण्याची बाटली रोज कुठेतरी राहते. डॉक्टरबाईंनी आधी बरेच दिवस नुसतं बोलणं, सवयी, शाळेशी संपर्क असं सगळं करून पाहिलं आणि मग एक छोटी गोळी सुरू केली. मी आणि बायकोने ठरवलं, घरात हिला 'व्हिटॅमिन' म्हणायचं. बायको उरणच्या बाजूला नोकरी करते, सकाळी सव्वासहाची कंपनीची बस. मी साडेआठला बेलापूरला निघतो. त्यामुळे गोळी माझ्याकडे आली. सकाळी दुधाबरोबर मी द्यायची, पाकीट माझ्या ऑफिसच्या बॅगेत. ओळखीच्या मेडिकलमधून आणायची नाही.

आमचं घर सुकापूरला. शेत होतं तिथे बिल्डिंग उभी राहिली, तिच्यात आम्हाला दोन फ्लॅट मिळाले आणि उरलेली अर्धी बिल्डिंग भावकीच. जिन्यात सुकटीचा वास आला तर कोणाच्या घरात काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं. माझा एक चुलता गोळ्या खायचा. डोक्याच्या गोळ्या. ओट्यावर बसून असायचा, लाळ गळायची, पोरं दगड मारायची. त्याला शेवटपर्यंत आईनेच भरवलं. त्यामुळे आईला काय सांगणार, की तुझ्या नातीलाही डोक्याची गोळी सुरू केली आहे? दोन्हींत काही संबंध नाही हे मला माहीत होतं. तिला ते पटवता येईल असं मात्र वाटत नव्हतं. की मलाच पटलं नव्हतं? कोण जाणे.

तर जूनपासून मी साडेसातला गोळी देत राहिलो आणि शाळा साडेबाराला भरत राहिली.

सकाळी पोर अगदी शहाणी. डायनिंग टेबलवर बसून गृहपाठ करायची, चित्रं रंगवायची, रेषेच्या बाहेर जायची नाही. मी सॉक्स घालता घालता बघायचो आणि वाटायचं, लागू पडतंय. तिकडे शाळेतून मात्र तक्रारींवर तक्रारी. तास चालू असताना उठते, शेजारणीचं खोडरबर खिडकीतून टाकलं, टोकलं तर रडते, रडायला लागली की थांबत नाही. मी हे सगळं डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी डोस थोडा वाढवला. तक्रारी चालूच. पुन्हा थोडा वाढवला.

आता सकाळी ती नुसती शहाणी नाही, गप्पच व्हायला लागली. नखाजवळचं कातडं सोलत बसायची. साडेअकराला आई ताट वाढायची, तर दोन घास खाऊन उठायची.

"पोर सकालची अशी गप का रं असते?" आई मला विचारायची. "आनि जेवत पन नाय. नजर लागलीय कुनाची तरी."

"मोठी होतेय गं आता."

"मोठी व्हते म्हनून जेवन सोरते कोन?"

मग आईने दर शुक्रवारी संध्याकाळी मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढायला सुरुवात केली. म्हणजे एकाच पोरीवर एकाच घरात दोन उपचार चालू होते. माझा आईला माहीत नव्हता, आईचा मी डॉक्टरबाईंना सांगत नव्हतो.

दिवाळीच्या आधी शाळेत पालकसभा होती. वर्गशिक्षिका बाई वयाने माझ्याएवढ्याच, आवाज बसलेला. माझ्या मुलीचं नाव ऐकताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"एक सांगू का, रागावू नका. तुमच्या मुलीला सगळं जमतं. शनिवारी बघा तिला. किती छान बसते! वही पूर्ण, हात वर करून उत्तर देते. म्हणजे जमतं की नाही? मग बाकीचे दिवस काय होतं? मुद्दाम करते ती."

 मी खाली मान घालून बसलो. बाईंनाही गोळीचं माहीत नव्हतं. चौथीच्या बाईंना होतं. पाचवीत नवीन बाई आल्या तेव्हा, आता नको सांगायला, उगाच शिक्का बसेल, असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी.

घरी येऊन आईसमोर एवढंच म्हणालो, की बाई म्हणतात, शनिवारी चांगली असते.

आईने हात जोडले. "बग! सुक्रवारी दृष्ट कारतंय, सनवारी पोर चांगली. मी काय बोलत व्हती?"

खरं सांगायचं, तर एक-दोन दिवस मीही विचारात पडलो. मी ग्रॅज्युएट माणूस, सरकारी नोकरीत, आणि मनात हिशोब मांडतोय, की मिरच्यांचा परिणाम सोमवारपर्यंत का राहत नसेल? एवढा सगळा हिशोब मांडला, पण शनिवारी शाळा किती वाजता असते हे एकदाही डोक्यात आलं नाही. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेली गोष्ट. मी स्वतः दहावीपर्यंत शनिवारी सकाळच्या शाळेला गेलो. तिला शनिवारी सकाळी मीच गाडीवरून सोडत होतो.

पालकसभेच्याच संध्याकाळी मी मुलीला गच्चीवर नेलं होतं.

"मुद्दाम करतेस ना?"

"नाही पप्पा."

"मग?"

"ते आपोआप होतं."

"शनिवारी कसं होत नाही आपोआप?"

 ती म्हणाली, "शनिवारी माझं डोकं शाळेत येतं." मला हे उद्धट उत्तर वाटलं. मी तिची सायकल पाण्याच्या टाकीच्या पाइपाला साखळीने बांधली, किल्ली खिशात टाकली आणि सांगितलं, सहाही दिवस शनिवारसारखी वागशील तेव्हा मिळेल. सायकल डिसेंबर उलटेपर्यंत तिथेच होती. साखळीला गंज चढला. ती शाळेतून आल्यावर गच्चीवर जाऊन नुसती पॅडल फिरवत बसायची, असं आईने नंतर सांगितलं.

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा मी मुद्दाम मुलीसमोरच विषय काढला. म्हटलं, मॅडम, ती ठरवलं तर नीट वागते. शनिवारी अगदी आदर्श असते, बाईच म्हणाल्या. बाकीच्या दिवशी नाटक.

"बाबा, एक मिनिट," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "शनिवारी काय वेगळं असतं गं?"

"पीटी असते. आणि डबा छोटा असतो."

"डबा छोटा का?"

"सकाळची शाळा असते ना शनिवारी. बाकीच्या दिवशी साडेबाराची."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "साडेबाराची? कधीपासून?"

"पाचवीपासून."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"मग?"

"विसरलो," मी म्हणालो. म्हणजे त्या क्षणीसुद्धा. समोर सगळं उघडं पडलं होतं आणि तरी माझ्या तोंडून 'विसरलो' निघालं. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी कागदावर घड्याळ काढून दाखवलं. ही गोळी साधारण चार तास काम करते. साडेसातला घेतली की शाळेत पाय ठेवायच्या आत तिचा असर संपलेला. उतरताना काही मुलं उलट जास्त चिडचिडी होतात, रडवेली होतात. "बाई बघत होत्या ते हेच. आणि आपण त्या वेळेचे रिपोर्ट ऐकून डोस वाढवत गेलो. सकाळी तिला तो जास्त होत होता, म्हणून गप्प, म्हणून भूक नाही. शाळेत तिला काहीच नव्हतं." त्यांनी डोस पुन्हा पहिल्यावर आणला आणि वेळ बदलली. शाळेला निघण्याआधी, जेवणाबरोबर. शनिवारी सकाळी. संध्याकाळी भूक कशी लागते, रात्री झोप कधी येते ते बघून त्या पुढचं ठरवणार होत्या. आपल्या मनाने काही बदलायचं नाही.

"दुपारी घरी कोण असतं?"

"माझी आई."

"मग त्यांना नीट समजावा. शनिवारचं खास. नाहीतर शनिवारी सकाळी तुम्ही एक द्याल आणि दुपारी त्या एक देतील."

खाली आलो तर मुलीला भूक लागली होती. वडापाव घेतला. गाडीला टेकून खात असताना ती म्हणाली, "ते व्हिटॅमिन नाहीये ना?"

"नाही."

"आणि मी मुद्दाम नव्हते करत?"

"नाही."

"मी तुला सांगितलं होतं."

"हो."

तिने मिरचीचं टोक कुरतडलं, तिखट लागली, बाजूला ठेवली. "मग बाईंना सांग."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

त्या संध्याकाळी आधी सायकल सोडली. किल्ली फिरेना, खोबरेल तेल घालावं लागलं. मग आईपुढे बसलो. ती परातीत जवळा निवडत होती. मी सगळं सांगितलं. चांगलंच लांबवलं असावं, कारण तिने मध्येच हात थांबवला.

"डोक्याची गोली?"

"तशी नाही गं."

"तुज्या काकाची व्हती तशी?"

"नाही. वेगळी. लक्ष लागायची."

 आता ती रडेल असं वाटलं. पण ती एकदम भडकली. "आनि मी येरीखुली दर सुक्रवारी मिरच्या जालतंय! घरात धूर करतंय! तुला सांगाया तोंड नव्हता? तुज्या काकाला कोनी भरवला? मी भरवला. मना गोल्या देता येत नाय व्हय?"

 ज्याच्या भीतीने मी हे सगळं केलं, ते नेमकं काय होतं? लोक काय म्हणतील? तेही पुढच्या महिन्यात झालं. खालच्या काकूने जिन्यात विचारलं, पोरीला कसली गोली चालू हाय, मी सांगितलं, ती "बरं" म्हणाली आणि गॅसचा नंबर लावायचा राहिलाय म्हणून निघून गेली. बास. पुढे काय बोलले असतील ते माझ्यापर्यंत आलं नाही.

आईला शनिवारचं समजावताना मात्र आम्ही दोघंही गोंधळलो. शनिवारी सकाळी मी देणार, मग तू द्यायची नाही, सुट्टी असली तर डॉक्टरांना विचारून, परीक्षेला वेळ बदलली तर... शेवटी मुलगीच म्हणाली, "आजी, मी सांगेन तुला. आज घेतली की नाही ते मला माहीत असतं."

सगळं सुरळीत झालं असं मी लिहू शकत नाही. वह्या पूर्ण व्हायला लागल्या, गणित तिथेच आहे. जेवते. रात्री झोप उशिरा लागते, त्यावर अजून डॉक्टरबाईंशी बोलणं चालू आहे. एखाद्या दिवशी ती खूप हसते, खूप बोलते, तेव्हा माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. हे बरं की वाईट ते मला कळत नाही. मुलीकडे बघायच्या आधी घड्याळाकडे बघणारा बाप.

बाईंना सांगायला मी वेळ लावला. मुलगी रोज विचारायची, "सांगितलंस?" मी म्हणायचो, उद्या. एका शनिवारी तिला शाळेत सोडलं आणि ती फाटकातून आत गेलीच नाही, माझ्या गाडीजवळ उभी राहिली. मग मी गाडी स्टँडला लावली.

बाई वरच्या मजल्यावर वर्गाच्या दारात होत्या. मी सांगितलं. गोळीचं, वेळेचं, माझ्या मान हलवण्याचंही. म्हटलं, ती मुद्दाम करत नव्हती, चूक माझी होती. बाईंनी डोळे चोळले. "अहो, मग जूनमध्येच सांगायचं ना. मी तिला किती वेळा बाहेर उभं केलं." आणि मग वर्गाकडे बघत म्हणाल्या, "बघू."

मुलगी व्हरांड्यात खांबाजवळ थांबली होती.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

मला तोंडावर आलं होतं, की बाईंनी तुला सॉरी सांगितलंय. तिला बरं वाटलं असतं.

"बघू म्हणाल्या," मी म्हणालो.

तिने जरा विचार केला. "बघू दे," असं म्हणून दप्तर खांद्यावर वर ओढलं आणि वर्गात गेली. पाण्याची बाटली माझ्याच गाडीला लटकलेली राहिली होती. ती द्यायला मी पुन्हा वर गेलो.